नाशिकमध्ये एसयूव्हीची मागची पक्की काच बदलली: द्वारकेजवळच्या काचवाल्या चाचांचं काम कसं आहे

मोठ्या गाडीच्या मागच्या दारापलीकडे, डिकीच्या कडेला एक न उघडणारी काच असते. गॅरेजवाले तिला क्वार्टर काच म्हणतात. आमच्या गाडीची ही डावीकडची काच जानेवारीत फुटली आणि द्वारकेजवळच्या गॅरेजांच्या गल्लीत एका छोट्या दुकानात आम्ही ती बदलून घेतली. त्यानंतर बागेतल्या रस्त्यांची धूळ झाली, द्राक्षांच्या तोडणीची धावपळ झाली, मार्चमध्ये अवकाळी पाऊसही झाला. काच कशी बसली आहे ते आता खात्रीने सांगता येईल, म्हणून लिहिते आहे. आधीच सांगते, मी या दुकानाची शिफारस करते, आणि मनापासून करते. पण ते सगळ्यांसाठी नाही. का, ते पुढे येईल.

आधी गाडीबद्दल. आमची गाडी जर्मन, डिझेल, सात जणांची, वापरलेली घेतलेली. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले आहेत आणि या गाडीचं बटण दाबलं की ती खाली बसते, त्यामुळे त्यांना कुणाचा हात न धरता चढता येतं. आमच्या घरात ही गाडी आली ती एवढ्यासाठीच. आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. गाडी बांधाजवळ उभी होती आणि पलीकडे ग्रासकटरने गवत काढणं चाललं होतं. पात्याखालून एक खडा उडाला. दिसायला चिंचोक्याएवढा, पण टोकदार. एकच कट्ट असा आवाज झाला आणि सबंध काच खडीसाखरेच्या खड्यांसारखी खाली आली. मशीन चालवणारा पोरगा पांढराफटक पडला. त्याला आधी पाणी दिलं. डोळ्याला काही लागलं नाही ना ते पाहिलं. खडा कुठे उडेल ते त्याच्या हातात नव्हतं.

ही काच अशी एकदम का जाते, ते चाचांनी मला फार छान समजावलं. समोरची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, म्हणून तिला तडा गेला तरी ती जागेवर राहते आणि लहान टवका भरूनही काढता येतो. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन केलेल्या असतात. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि आतला ताणाखाली. म्हणूनच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, हाताचा धक्का, दाराचा दणका सहज सोसते. पण टोकदार वस्तू बाहेरचा थर भेदून आतल्या ताणापर्यंत पोचली की सगळा ताण एकाच क्षणी सुटतो. तुकडे बोथट होतात, माणूस कापला जात नाही, त्यासाठीच ती अशी बनवतात. मात्र तिची दुरुस्ती नाही. आणि एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणजे मोठी काच आणून कापून बसवू, हा मार्गच बंद. त्याच गाडीची, त्याच बाजूची, त्याच घडणीची काच मिळवावी लागते.

त्या रात्रीपुरतं आम्ही द्राक्षबागेवर टाकायचं जाड प्लास्टिक कापून बाहेरून लावलं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: प्लास्टिक लावताना खाकी पॅकिंग टेप रंगावर चिकटवू नका. उन्हात तिचा गोंद रंगाला धरतो आणि निघताना त्रास देतो. रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. आणि झाडलोट करण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला फोन करा. दावा करायचा की नाही ते नंतर ठरवता येतं, पण पुरावा गोळा करून कचऱ्यात टाकल्यावर सर्व्हेअरला काय दाखवणार?

विम्याचं गणित मी कागदावर मांडलं, कारण यात बरेच जण घाईने निर्णय घेतात. काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापला जात नाही, साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही नाही. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला दोन हजार रुपये आपल्या खिशातून जातात, बाकीचे विमा देतो. हे ऐकून कुणालाही वाटेल की दावा करून मोकळं व्हावं. पण आमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पन्नास टक्क्यांवर पोचला होता. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो आणि मग वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असं करत परत पन्नासवर यायला वर्षं जातात. मोठ्या गाडीचा हप्ता मोठा, त्यामुळे बोनसची रक्कमही मोठी. अधिकृत सर्व्हिस सेंटरने सांगितलेला खर्च ऐंशी हजारांच्या पुढे होता. तेवढा खर्च असता तर दावा केला असता. चाचांकडे सगळं मिळून एकेचाळीस हजारांच्या आसपास बसत होतं. इथे दावा न केलेला बरा, असं गणित निघालं. तुमच्या पॉलिसीत बोनस राखून ठेवणारं जोड कलम असेल तर हे गणित उलटं होतं, तेव्हा आधी पॉलिसी उघडून बघा.

सर्व्हिस सेंटरबद्दल माझी काही तक्रार नाही. ते नीट बोलले, काच परदेशातून मागवावी लागेल, वेळ सांगता येणार नाही, असं सरळ सांगितलं. पण तोडणी तोंडावर आलेली, रोज पिंपळगावला जाणं-येणं, आणि सासूबाईंच्या डॉक्टरांची तारीख. प्लास्टिक लावून फिरवण्यासारखी ती गाडी नव्हती. आमच्या दिरांनी त्यांच्या ट्रॅव्हलरची काच ज्या दुकानात बसवली होती, तिथला नंबर दिला.

दुकान म्हणजे एक शटर, आत लाकडी घोड्यांवर उभ्या लावलेल्या काचा, बाहेर दोन गाड्या मावतील एवढी जागा. चाचांचे वडील एसटीच्या आणि ट्रकच्या काचा बसवायचे. आता चाचा आणि त्यांचा मुलगा दोघं काम करतात, हाताखाली एक मदतनीस. त्यांनी फोनवर पहिलं विचारलं ते किंमत काय परवडेल हे नाही. म्हणाले, "ताई, चेसिस नंबर पाठवा, पूर्ण सतरा आकडे-अक्षरं. आणि उजवीकडची काच शाबूत आहे ना? तिच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा जवळून फोटो काढा." तिथेच मला वाटलं, हा माणूस काम जाणतो. एकाच मॉडेलमध्ये या काचेचे प्रकार असतात. एरिअलच्या तारा असलेली, नसलेली. साधी हिरवट, गडद. क्रोमची पट्टी असलेली, काळी पट्टी असलेली. नुसतं मॉडेलचं नाव सांगून मागवलेली काच आली आणि बसली नाही, अशा गोष्टी मी ऐकल्या आहेत.

तो शिक्का काय सांगतो, तेही चाचांनी दाखवलं. काच बनवणाऱ्याचं नाव, वर्तुळात ई आणि त्यापुढे आकडा, म्हणजे युरोपातल्या कुठल्या देशाने तिला मान्यता दिली तो क्रमांक: एक म्हणजे जर्मनी. त्याखाली ४३ आर, हा काचेच्या सुरक्षिततेचा नियम. भारतात बनलेल्या काचेवर आयएसआयची खूण असते. हा शिक्का नसलेली काच ते हातातच घेत नाहीत. आमच्यासाठी त्यांनी जी काच मुंबईहून मागवली, ती गाडीच्या कंपनीच्या डब्यातली नव्हती, पण काच बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीची होती, शिक्का पूर्ण होता, आणि छटा शेजारच्या दाराच्या काचेशी जुळते का ते त्यांनी उन्हात बाहेर नेऊन बघितलं. मलाही बोलावून दाखवलं.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुनी काच आणण्याचा पर्यायही होता आणि निम्म्यात काम झालं असतं. चाचांनी नको म्हणून सांगितलं, दोन कारणांनी. या काचेच्या कडेला रबरासारखी किनार कारखान्यातच ओतून घट्ट केलेली असते. काच जुन्या गाडीतून काढताना ती किनार दुखावते आणि मग पाणी तिथूनच येतं. दुसरं, बाहेरच्या देशांतल्या गाड्यांच्या मागच्या काचा बऱ्याचदा फार गडद असतात. आपल्याकडे बाजूच्या काचेतून किमान पन्नास टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. त्या गडद काचेने एका बाजूला गाडी वेगळी दिसली असती, आणि वर पोलिसांनी अडवलं असतं. मला हे फार आवडलं. स्वस्तात दिलं असतं तर गिऱ्हाईक खूश होऊन गेलं असतं, पण त्यांनी तसं केलं नाही.

आता प्रत्यक्ष काम. मी पूर्ण वेळ तिथेच थांबले होते आणि बघू देता का, असं विचारलं तर चाचांनी स्टूल आणून दिलं.

सगळ्यात आधी त्यांनी बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि तसंच थांबून राहिले. या गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग मागच्या खांबापर्यंत गेलेली असते. आतलं प्लास्टिकचं आवरण काढायचं म्हणजे तिच्या शेजारी हात घालायचा. वीज तोडून, उरलेला भार उतरेपर्यंत वाट बघून मगच आवरणाला हात लावायचा, हा त्यांचा नियम. जिथे कुणी हे न करता पहिल्याच मिनिटाला स्क्रूड्रायव्हर घालताना दिसेल, तिथून गाडी परत न्यावी असं मी म्हणेन.

मग सुरू झाला काचेचे खडे काढण्याचा उद्योग, आणि माझ्या मते इथेच चाचांच्या दुकानाचं मोल आहे. आम्ही घरी झाडून, व्हॅक्यूम करून गाडी स्वच्छ केल्यासारखी वाटत होती. आवरण निघाल्यावर आत ओंजळभर खडे होते. खांबाच्या पोकळीत, तिसऱ्या रांगेच्या सीटच्या रुळांत, सीटबेल्ट ज्या डबीत गुंडाळला जातो तिच्या आसपास, पाणी वाहून जायच्या भोकाजवळ. सीटबेल्टच्या पट्ट्यात अडकलेला खडा पट्टा कापत राहतो, आणि भोक बुजलं तर पाणी आत साचून पत्रा गंजतो. चाचांच्या मुलाने आधी सगळं व्हॅक्यूमने ओढून घेतलं, पट्टा पूर्ण बाहेर ओढून बोटांनी तपासला, आणि त्यानंतरच अगदी कमी दाबाने हवा मारली. आधीच जोरात हवा मारली तर खडे आणखी आत जातात, असं त्याचं म्हणणं. या साफसफाईला काच बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. बिलात तिचा वेगळा आकडा नव्हता.

ही काच दारातल्या काचेसारखी खाचेत सरकत नाही, ती थेट पत्र्याला पॉलीयुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेली असते. जुन्या गोंदाची काळी पट्टी पत्र्यावर राहिली होती आणि तिला काचेची किनार चिकटून होती. ती पूर्ण खरवडून पत्रा उघडा करतील असं मला वाटलं होतं. तसं करत नाहीत. धारदार पात्याने जुना गोंद एक-दोन मिलिमीटर जाडीपर्यंत सपाट कापतात आणि त्यावरच नवा चढवतात, कारण कारखान्यात बसलेला तो थर रंगाला घट्ट धरून असतो. पातं एका ठिकाणी निसटलं आणि रंगावर बारीक रेघ उठली. मदतनीस पुढे जाऊ बघत होता, चाचांनी थांबवलं, त्या रेघेवर प्रायमर लावला आणि वाळू दिला. "आत्ता दिसत नाही ताई, दोन पावसाळ्यांनी गंज फुगून वर येतो."

नव्या काचेच्या कडेला काळा पट्टा असतो, तो शोभेचा नाही. उन्हातले अतिनील किरण गोंदापर्यंत पोचू नयेत म्हणून तो भाजून काढलेला असतो. तो पट्टा त्यांनी पुसला, त्यावर ॲक्टिव्हेटर, म्हणजे गोंद नीट धरावा म्हणून लावायचं द्रावण, फिरवला. गोंदाच्या नळीचं तोंड व्ही आकारात कापलं, म्हणजे बाहेर येणारी वळी त्रिकोणी आणि सगळीकडे एकाच उंचीची राहते. मग रबरी कपांनी काच उचलून दोघांनी एकाच दमात बसवली, कडेच्या फटी डोळ्यांनी मापल्या, मास्किंग टेपचे आडवे पट्टे लावले. एरिअलची जोडणी त्यांनी आधीच करून ठेवली होती. बॅटरी जोडल्यावर रेडिओ लावला, आकाशवाणी नाशिक केंद्र स्वच्छ लागलं.

संध्याकाळी गाडी घेऊन जायची माझी तयारी होती. चाचांनी सोडली नाही. हा गोंद हवेतला ओलावा घेऊन पक्का होतो. नळीवर लिहिलेला वेळ तेवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो. आमच्या निफाडचा पारा जानेवारीत कुठे जातो ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि हवा कोरडी. तेव्हा तो वेळ इथे लागू होत नाही, गाडी रात्रभर दुकानातच राहील, असं त्यांनी ठाम सांगितलं. मला परत जायची गैरसोय झाली, पण माणूस बरोबर होता. चारही दारांच्या काचा त्यांनी दोन बोटं खाली ठेवल्या होत्या, कारण बंद गाडीचं दार आपटलं की आतली हवा ओल्या गोंदावरची काच बाहेर ढकलते. दुसऱ्या दिवशी साध्या नळाने, खालून वर हळूहळू पाणी सोडून बघितलं, मुलगा आत टॉर्च घेऊन बसला होता. आठवडाभर प्रेशरने गाडी धुवायची नाही आणि टेप दोन दिवस काढायची नाही, एवढं बजावून चावी दिली.

ज्या गोष्टी मला खटकल्या त्याही सांगायला हव्यात. तिथे बसायची सोय नाही आणि बाईमाणसाला स्वच्छतागृह अजिबात नाही. मी मधल्या वेळात रिक्षाने रविवार कारंजाला जाऊन आले. दुकानात गिऱ्हाईक बायका क्वचित येतात हे खरं असेल, पण येतात. बिल मागितल्यावर लगेच मिळालं नाही. जीएसटीचं पक्कं बिल हवं असेल तर आधीच सांगा, त्यावर काचेचा पार्ट नंबर लिहून घ्या. आणि आतल्या आवरणाची एक क्लिप काढताना तुटली, तिच्याजागी दुसऱ्याच गाडीची बसवली होती. खराब रस्त्यावर ती किरकिरायची. सासूबाई तिसऱ्या रांगेत बसत नाहीत, पण मुलांना आवाज येत होता. फोन केला, चाचांनी योग्य क्लिप मागवली, मुलाने पाच मिनिटांत बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. तरी पहिल्याच वेळी योग्य क्लिप लावायला हवी होती.

मार्चच्या अवकाळीत गाडी रात्रभर उघड्यावर होती, कारण शेडमध्ये त्या रात्री क्रेट आणि माल होता. बागेचं नुकसान झालं, त्यावर इथे लिहिणं नको. सकाळी गाडीच्या मागच्या आवरणाखाली, गालिच्यावर, स्टेपनीच्या खणात हात फिरवून बघितलं. सगळं कोरडं होतं. महामार्गावर शंभरच्या वेगाला वाऱ्याचा शिट्टीसारखा आवाज येतो का, हेही मी मुद्दाम उजव्या आणि डाव्या बाजूला आळीपाळीने बसून ऐकलं. फरक नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा. बाहेरच्या कामावरून पुढे वाद नकोत. एअरबॅगचा दिवा लागलेला असेल किंवा पत्राही दबला असेल, तर चाचा स्वतःच काम घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. वॉरंटी संपलेली, फक्त काच गेलेली, आणि रात्रभर गाडी सोडायची तयारी असेल, तर द्वारकेला जरूर जा. जाताना चेसिस नंबर आणि पलीकडच्या शाबूत काचेच्या शिक्क्याचा स्पष्ट फोटो सोबत ठेवा. काच मुंबईहून यायला वेळ लागतो, म्हणून आधी फोटो पाठवा, काच आल्याचा निरोप मिळाला की मगच गाडी न्या.